एका बुडीला एक फोटो

कांबळे अण्णांचा पहिला रोल मी धुऊन छापला, तेव्हा माझ्याच हातून त्याची वाट लागली असं मला वाटलं. बारांपैकी नऊ फोटो नुसते करडे. दोनांत शेवाळासारखं काहीतरी वर उडालेलं. आणि शेवटच्यात सगळीकडे काळोख, मधोमध एक पांढरी चकती आणि तिच्या कडेवर दोन बोंडं. निपाणीत स्टुडिओ टाकून मला वर्षही झालं नव्हतं. हे गिऱ्हाईक तुटलं असं धरूनच मी तोंड पाडून काउंटरवर बसलो होतो.

अण्णा आले. बुटके, छातीनं रुंद, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. समोरच्याचं बोलणं संपलं की हा माणूस क्षणभर थांबायचा आणि मगच बोलायचा. त्या थांबण्यानं मला तर घामच फुटला.

"माझ्या केमिकलमध्ये काहीतरी गडबड झाली वाटतं," मी म्हणालो.

त्यांनी शेवटचा फोटो उजेडात धरला आणि चेहरा खुलला. "गडबड कसली? झकास आलाय की. ह्ये आकाश हाय."

"कुठलं आकाश?"

"विहिरीच्या तळातनं बघितल्यालं. पाण्याखालनं वर बघितलं की असं ताटलीएवढंच दिसतंय. आन् ही दोन टकुरी म्हंजी आमची मंडळी आन् पोरगी. मी वर कवा येतोय ते वाकून बघाय लागल्यात."

शेवाळासारखं दिसत होतं ते त्यांच्या बायकोचे, सुमनवहिनींचे, केस होते. मीही विहिरीत पोहतच वाढलो, पण पाण्याखाली डोळे उघडून कधी कुणाकडे पाहिलं नव्हतं. बाईमाणसाचे केस तिथं असे सरळ वर जातात हे मला त्या दिवशी कळलं.

जाताना त्यांनी बाहेरच्या बोर्डावरचं माझं आडनाव वाचलं आणि दारातच वळून विचारलं, "थोरल्या विहिरीच्या घरातलं न्हवं तुम्ही?"

आता इथं थोडं सांगायला हवं. आमचं गाव निपाणीपासून दोन-तीन कोसांवर. गावात गोडं पाणी एकट्या थोरल्या विहिरीला, आणि ती आमच्या भावकीची. गावाच्या खालच्या अंगाला अण्णांच्या लोकांची वस्ती. त्यांची विहीर वेगळी आणि मचूळ. गोडं पाणी हवं असेल तर त्यांच्या बायकांनी थोरल्या विहिरीपासून वीसेक पावलांवरच्या एका दगडाशी घागरी मांडून उभं राहायचं. आमच्यापैकी कुणाला सवड झाली की तो वरून ओतणार. अण्णांची आई गोदाबाई उभ्या जन्मात त्या दगडाच्या पुढं गेली नव्हती. अण्णा सतराव्या वर्षी घर सोडून नौदलात गेले, तिथं पाणबुड्याचं काम शिकले, पंधरा वर्षं नोकरी करून परत आले आणि निपाणीच्या पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलवर पंप ऑपरेटर म्हणून लागले. लहानपणी मी तो दगड रोज पाहत होतो. तिथं उभ्या असलेल्या बायकांची चौकशी मात्र मी कधी केली नाही आणि याची मला आजही लाज वाटते.

"व्हय, त्याच घरातला," मी म्हणालो.

अण्णा थांबले. मग म्हणाले, "त्या विहिरीत एकदा बुडी मारायची हाय मला. आन् वरनं आई वाकून बघत असली पायजे. तेवढा एक फोटो पायजे."

"बघू की," मी म्हणालो. पुढची चार वर्षं मी हेच म्हणत राहिलो.

नौदल सुटलं तरी अण्णांचं पाणी सुटलं नव्हतं. माणसं रविवारी सिनेमाला जायची, हे कुटुंब विहिरींना जायचं. सुमनवहिनी, मुलगी सुजाता आणि अण्णा. सायकलच्या कॅरिअरवर भाकरीचं गाठोडं आणि हँडलला पितळी डबा. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून एखादी स्वच्छ विहीर गाठायची आणि दुपारपर्यंत पाण्यात. तिघांचे गॉगल घरी केलेले, ट्रकच्या ट्यूबचे आणि खिडकीच्या काचेचे. वहिनी लुगड्याचा काष्टा मारून उतरायच्या. पहिल्यांदा काठावर बघे जमायचे. तिसऱ्या रविवारी तेच बघे आपापल्या पोरांना घेऊन शिकायला यायचे.

तो पितळी डबा म्हणजे अण्णांचा जीव. वहिनींना लग्नात मिळालेला भाकरीचा डबा तो. त्याच्या बुडाला भोक पाडून काच बसवलेली, आत साधा डबा कॅमेरा. बटण दाबायला बाहेरून एक दांडी आत गेलेली. तिच्याभोवतीनं पाणी शिरू नये म्हणून पंपाच्या दांड्याला भरतात तसलीच ग्रीस लावलेली सुताची दोरी ठासून भरलेली. झाकण तीन नटांनी आवळायचं आणि झाकणाखाली रबर लागायचं ते वहिनींच्या प्रेशर कुकरचं. बाजारातली दुसरी रबरं त्यांनी आणून पाहिली, एकही धड बसलं नाही. त्यामुळं दर रविवारी सकाळी कुकरची रिंग निघायची आणि त्यांच्या घरी रविवारी डाळ शिजायची नाही.

पाण्याखाली रोल पुढं सरकवायची सोय नव्हती. एक फोटो काढला की वर यायचं, हात कोरडे करायचे, तीन नट सोडायचे, रोल फिरवायचा, पुन्हा नट आवळायचे. एका बुडीला एक फोटो. त्यात विहिरीच्या तळापर्यंत उजेड पोचतो तो उन्हाळ्यात, दुपारी बाराच्या आसपास अर्धा तास. मी म्हणायचो, "अण्णा, एवढ्या खटाटोपात माझ्या स्टुडिओत चार लग्नं होतील." ते म्हणायचे, "तुमची माणसं फोटोसाठी हसत्यात. पाण्याखाली कुणाला खोटं हसता येत न्हाय. दम धराय लागतोय न्हवं."

आणि ते खरंच होतं. माझ्या फोटोंतली माणसं गळ्यात दोरखंड असल्यासारखी उभी असायची. अण्णांच्या फोटोंत गाल फुगवलेली सुजाता असायची, हाताशी आलेला मासा निसटलेल्या वहिनी असायच्या. एकदा मी कौतुकानं सुजाताचा एक फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावला. केस उभे, डोळे विस्फारलेले, मागं अंधार. आठवडाभरात साखरपुड्याच्या फोटोसाठी एक मंडळी आली. दाराबाहेरच थबकली. नवऱ्यामुलाची आत्या म्हणाली, "आदी ती हडळ उतरवा, मग आमी आत येतो." मी मुकाट्यानं फोटो उतरवला. सुजाताला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. नंतर कित्येक दिवस ती स्टुडिओत डोकावून "हडळ आली हो" असं ओरडून पळायची.

मला सगळ्यांत आवडलेला त्यांचा प्रवास वेंगुर्ल्याचा. नौदलातला त्यांचा एक जोडीदार तिथं बुडालेल्या होड्यांचं सामान काढायची कामं करायचा. त्याच्याकडे पाठीवर बांधायचे हवेचे दोन सिलिंडर होते. अण्णांनी ठरवलं, घरच्यांना एकदा समुद्राखाली श्वास घ्यायला लावायचा. अडचण एकच होती. विहिरीत बुडी मारणाऱ्यांना दम कोंडून धरायची सवय. सिलिंडर लावून खाली गेल्यावर मात्र वर येताना दम कोंडला तर छाती फुटायची भीती. हवा सारखी सोडत यायचं. अण्णांनी त्यावर उपाय काढला. वर येताना गुणगुणत यायचं. गुणगुणणाऱ्या माणसाला दम कोंडता येत नाही.

मग आठ दिवस वहिनींची तालीम. त्या घरी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि तोंडानं अखंड "हूंऽऽऽ". अंगणात बाजूला विड्या वळणाऱ्या बायका पहिल्या दिवशी गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, "सुमे, पोटात दुखतंय काय गं?"

"न्हाय गं. समुद्रातनं वर यायची प्रॅक्टिस हाय."

त्या गल्लीत अशा उत्तराचं कुणाला नवल उरलं नव्हतं.

आंबोलीच्या घाटातून एसटीनं आम्ही गेलो. मीही होतो, पण किनाऱ्यावर कोरडा. अण्णांनी एक सिलिंडर स्वतःच्या आणि एक वहिनींच्या पाठीवर बांधला, तीनदा गुणगुणून घेतलं आणि हाताला धरून खाली नेलं. दहा मिनिटांनी दोघं वर आले. वहिनींच्या तोंडातनं नळी निघाली तरी "हूंऽऽऽ" चालूच होतं.

"काय दिसलं, वहिनी?" मी विचारलं.

त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं. "मासं दिसलं, दगुड दिसलं. पर खरं सांगू भावजी? खाली नुसता बुडबुड्यांचा आवाज. कुणी हाक मारत न्हाय बघा. चहा दे म्हनत न्हाय, विड्या किती झाल्या म्हनत न्हाय. दहा मिन्टं मला कुणी हाकच मारली न्हाय."

अण्णा हे ऐकून वरमले. त्या दिवसापासून घरात त्यांनी स्वतःचा चहा स्वतः करायला सुरुवात केली. चहा वाईट व्हायचा, मी प्यायलो आहे.

मधल्या काळात गोदाबाई निपाणीत मुलाकडे राहायला आल्या. सत्तरी गाठलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. मुलाचे फोटो त्या नाकाला लावून बघायच्या. प्रत्येक वेळी विचारायच्या, "ही कंची हीर?" अण्णा गावाचं नाव सांगायचे. "बरं," म्हणून त्या फोटो खाली ठेवायच्या. थोरल्या विहिरीचं नाव दोघंही काढत नसत. अण्णा मात्र माझ्याकडे बघायचे आणि मी कुठंतरी दुसरीकडे.

शेवटी गाठ घालून दिली ती एका फूटव्हॉलनं. त्या वर्षीच्या वैशाखात थोरल्या विहिरीतल्या मोटरच्या पाइपचं टोक, ज्याला आमच्याकडं फूटव्हॉल म्हणतात, तळाच्या गाळात कपारीत अडकून बसलं. गावातल्या पोहणाऱ्यांनी दोन दिवस प्रयत्न केले. दोन पुरुष पाणी, कुणाचा दम पुरेना. आमचा ऊस वाळायला लागला. माझे चुलते, आप्पा, स्टुडिओत आले आणि म्हणाले, "तुझ्या वळखीचा त्यो कांबळे हाय न्हवं? बोलव त्येला."

मी अण्णांना निरोप दिला. त्यांनी स्वतः येऊन आप्पांची गाठ घेतली. "येतो की," ते म्हणाले. "मजुरी नको. पर माझी माणसं बी येणार. बायको, पोरगी, आई."

"फूटव्हॉल काढायला एवढी माणसं कशाला?" आप्पा म्हणाले.

अण्णा थांबले. "काम एका माणसाचंच हाय, आप्पा. पोहणं घरच्यांचं."

आप्पांना कळायचं ते कळलं. कायद्यानं सगळं कधीच खुलं झालं होतं, गावात नळही आला होता. तरी थोरल्या विहिरीच्या काठावर त्या वस्तीतलं कुणी चढत नव्हतं आणि चढा असं कुणी म्हणतही नव्हतं. आप्पांचं मन त्या क्षणी पालटलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर ऊस वाळत होता. "या रविवारी," ते म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

रविवारी अकरा वाजता सगळे विहिरीवर हजर. अण्णांनी आधी काम केलं. चौथ्या बुडीला फूटव्हॉल सुटला. मोटर सुरू झाली, पाटाला पाणी लागलं. आता वहिनी आणि सुजाता पाण्यात उतरल्या. आप्पा दूर आंब्याखाली पाठ करून बसले. अण्णांनी डबा उघडला, कॅमेरा आत ठेवला आणि झाकण हातात घेऊन तसेच राहिले.

"सुमन, रिंग?"

पायऱ्यांवर वहिनींनी कपाळावर हात मारला. सकाळी निघताना गोदाबाईंनी हट्ट धरला होता, त्या गावात आपल्याला कोण जेवायला घालतंय, डाळ-भात करून बरोबर घ्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रविवारी त्या घरी कुकर लागला होता. डाळीचा डबा आणला, रिंग निपाणीत कुकरातच राहिली.

पावणेबारा झाले होते. सायकलनं जाऊन यायला तास लागला असता, तोवर ऊन विहिरीतून निघून गेलं असतं. अण्णा डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले. त्यांचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता संपलं, पुन्हा काही आप्पा बोलवत नाहीत.

माझी काकू, म्हणजे आप्पांची बायको, मोटर सुरू झालेली बघायला आली होती. तेवढ्यात ती म्हणाली, "कितीचा कुकर तुमचा?"

"पाच लिटरचा," वहिनी म्हणाल्या.

"आमचा बी पाचचाच की." आणि ती गेली. घर विहिरीला लागूनच. डाळ अर्धी कच्ची ठेवून तिनं रिंग काढून आणली. "धुऊन घ्या. वरण लागलंय," म्हणत अण्णांच्या हातात दिली. आंब्याखाली आप्पांनी मान वळवली आणि पुन्हा फिरवली.

रिंग फिट बसली. अण्णा डबा घेऊन खाली गेले. पण गोदाबाई काठावर येईनात. आल्यापासून त्या आपल्या दगडाशीच बसल्या होत्या. वहिनी हाका मारत होत्या. "हितनं दिसतंय की मला," म्हातारी म्हणत होती. तिथनं काहीच दिसत नव्हतं. तिला अडवायला कुणी उभं नव्हतं, तरी तिचे पाय उचलत नव्हते. अण्णा वर आले, दम घेतला, पुन्हा खाली गेले. पुन्हा वर. बटण दाबलंच नव्हतं. ऊन तळाला पोचलं होतं. मी पुढं होऊन म्हातारीला हात द्यायला हवा होता. मी घड्याळ बघत होतो.

काकू कठड्याशी वाकून आत बघत होती. तिला काळजी रिंगची. "अगं बया, खालीच बसलाय की ह्यो. माझी रिंग घिऊन!" मग मागं वळून हाक मारली, "गोदाक्का! ये की हिकडं! तुझं पोरगं बघ काय करालंय!"

आमच्या घरातल्या कुणी त्या नावापुढं 'आक्का' लावलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. गोदाबाईंनीही पहिल्यांदाच ऐकलं असणार. त्या उठल्या. वीस पावलं चालायला त्यांना किती वेळ लागला देव जाणे. काकूनं त्यांचा दंड धरला आणि दोघी कठड्यावरून आत वाकल्या.

अण्णा वर आले ते खोकत. हात वर करून त्यांनी डबा सुजाताकडं दिला. "आला," एवढंच म्हणाले, आणि मग पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. गार पाण्यानं तोंड धुतल्यावर कुणाला कळत नाही असं त्यांना वाटलं असावं.

अण्णांनी रिंग धुऊन, पुसून काकूपुढं धरली. आप्पा आंब्याखालून म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती. उद्या निपाणीतनं नवी आणतो."

"नवी कशाला? हिला काय धाड भरलीय?" काकूनं रिंग घेतली. "आन् तुम्ही जेवूनच जावा. माझ्या रिंगपायी खोळंबलासा."

"आमी आनलंय," गोदाबाई घाईनं म्हणाल्या.

"मग आणा की ते बी."

दोन वाजता आमच्या सोप्यात सगळे जेवायला बसलो. दोन डाळी होत्या, काकू दोन्ही वाढत होती. आप्पा भिंतीकडं बघत जेवले. भुकेले होते, त्यांनी डाळ दुसऱ्यांदा मागितली. कुठली, ते विचारलं नाही.

फोटो मी स्वतः रात्रभर न झोपता छापला असता, पण तसं काही लागलं नाही, पहिलाच छाप स्वच्छ आला. काळोखात गोल आकाश आणि कडेला दोन डोकी, एकमेकांना टेकलेली. गोदाबाईंनी तो नाकाला लावला.

"ही मी?"

"व्हय."

"आन् ह्यो फोटो काढताना तू पाण्यात?"

"तळाला."

"म्हंजी पाण्यानं मला बघितलं." बराच वेळ त्यांनी फोटो खाली ठेवला नाही. मग म्हणाल्या, "आता मला बी आत घे की रं. कवा घेतोस?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. या वेळी मी "बघू की" म्हणालो नाही. आप्पांना मीच सांगितलं आणि त्यांनी "करा काय करायचं त्ये," म्हणून हात झटकला.

पुढच्या वर्षी पोरांच्या शाळेसाठी मी स्टुडिओ उचलून बेळगावला न्यायचं ठरवलं. निघण्याआधी गावी निरोप घ्यायला गेलो होतो. दुपारची वेळ, विहिरीवरून सुजाताचा आकडे मोजण्याचा आवाज आला म्हणून वाकून बघितलं. गोदाबाई पाण्यावर उताण्या पडल्या होत्या. काष्टा मारलेला, डोळे मिटलेले, पांढरे केस भोवती पसरलेले. वहिनी त्यांच्या शेजारी पाण्याखालच्या पायरीवर उभ्या. अण्णा कुठंच दिसेनात.

"अण्णा कुठायत गं?" मी विचारलं. सुजातानं मोजता मोजता खाली बोट दाखवलं.

मग दिसलं. म्हातारीच्या पाठीच्या कडेला डोकावणारा, खालून वर धरलेला एक तळवा. बाकीचे अण्णा खाली, हिरव्या पाण्यात पुसट. मी बघत असतानाच अण्णांनी तो तळवा हळूच काढून खाली घेतला. म्हातारीला ते कळलं नाही. ती तशीच पाण्यावर पडून राहिली.